रूळ नीट, तर रेघ नीट

(बडनेरा येथे सुतारी वर्गातील मुलांसमोर वर्गाच्या मिस्त्रींनी केलेले भाषण. नव्या ट्रॅक सॉची पेटी त्याच दिवशी उघडण्यात आली.)



हितचिंतकांच्या मदतीने आलेली ही पेटी पाहून तुमचे हात शिवशिवत आहेत, हे मला दिसतंय. पण आज सकाळी आपण कामाची एकही फळी कापणार नाही. आधी यंत्र जुळवायचं.

माझ्या डाव्या हाताचं हे बोट पाहा. शेंडा नाही. तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. एका बांधकामावर माझ्या हातात गोल करवत दिली आणि म्हणाले, "चालव." विचारायची मला लाज वाटली आणि सांगायची त्यांना गरज वाटली नाही. फळी दोन्ही टोकांना टेकलेली, मध्ये पोकळी. कापता कापता फळी खचली, पातं चिमटलं आणि यंत्र उसळून मागं आलं. मेळघाटातून मजुरीला खाली उतरणाऱ्या पोरांच्या हाती आजही असंच यंत्र पडतं. म्हणून हे सांगतो.

बडनेऱ्याच्या जंक्शनवर तुम्ही रोज गाड्या पाहता. चाक रुळावर नीट बसलं, तरच गाडी सरळ जाते. इथंही तसंच. ही अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी म्हणजे गाईड रेल, आपला रूळ. करवत तिच्यावरून सरकते.

पहिलं काम, प्लग काढा. पातं बसवताना, स्क्रू फिरवताना प्लग बाहेरच हवा.

दुसरं, करवत रेलवर ठेवून आडवी हलवून पाहा. डुगडुगते का? तळाशी दोन छोटे स्क्रू किंवा नॉब असतात. ढिलाई जाईल, पण करवत सहज सरकेल, इतकेच ते आवळा.

तिसरं, रेलच्या कडेची रबरी पट्टी. नवी असताना ती पात्याच्या रेघेच्या थोडी बाहेर असते. पहिल्या फेरीत पातं तिला कापतं आणि ती कड कायमची तुमची खूण होते. पुढं पेन्सिलीच्या रेघेवर ती कड ठेवली, की पातं तिथंच जातं. म्हणून ढिलाई आधी काढायची, पट्टी नंतर कापायची. मी एकदा उलटं केलं. नॉब आवळल्यावर पातं सरकलं, खूण खोटी ठरली आणि नवी पट्टी घ्यावी लागली. पट्टी कापताना रेल टाकाऊ प्लायवर शिकंज्यानं आवळा, पातं पूर्ण वेगात येऊ द्या आणि न थांबता एका दमात शेवटपर्यंत जा.

चौथं, खोली. 18 मिलिमीटरचा प्लाय, रेलची जाडी साधारण 5, आणि खाली पातं 2-3 मिलिमीटर बाहेर. म्हणजे 25 च्या आसपास. काही यंत्रांवरचे आकडे रेलची जाडी धरूनच असतात, म्हणून टाकाऊ तुकड्यावर पाहूनच खात्री करा.

पाचवं, आधार. 8 फुटी प्लायखाली थर्माकोलचा जाड तक्ता अंथरा. पातं त्यात थोडं शिरलं तरी चालेल, पण कापलेले दोन्ही भाग टेकलेले राहतील आणि पातं चिमटणार नाही. रेल ठेवायची ती आपल्याला हव्या असलेल्या भागावर. हात रेलवर, पात्याच्या वाटेत कधीच नाही. वायर रेलच्या टोकाला अडकत नाही ना, तेही आधी पाहा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

एवढ्याला अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या. प्लायचा एक तक्ता वाकडा गेला, तर दिवसाच्या मजुरीहून जास्त नुकसान होतं.

तुमच्यातले बरेच कोरकू घरांतले आहेत. पूर्वजांच्या आठवणीसाठी तुमच्या वाडवडिलांनी सागाच्या खांबांवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरले. त्या हातांना घाई ठाऊक नव्हती. तेच हात तुमचे आहेत. यंत्र नवं असलं, तरी धीर तोच लागतो.

शेवटी एकच मागणं. उद्या कुठल्याही कामावर कोणी यंत्र हाती दिलं, तर चालवण्याआधी विचारा, "हे जुळवलंय का?" विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो.

चला, प्लग कोणी काढला?