रणगाड्याची प्रतिकृती : निरीक्षणाचा पाठ



युद्धपट पाहून आलेला मुलगा पाटीवर रणगाडा काढतो. त्यास रागावू नये. चाके मोजावयास सांगावे. चित्रपटात रंग व चिन्हे बदलतात, चाकांची मांडणी सहसा लपत नाही. १९७१ च्या गरीबपूरच्या लढाईवरील ‘पिप्पा’ (२०२३) मधील पीटी-७६ हा तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा पाण्यावर तरंगतो. त्यास प्रत्येक बाजूस सहा चाके, टी-५५ ला पाच. त्याची रुंदी ३.१५ मीटर, ३५ ने भागता पुठ्ठ्याची प्रतिकृती ९ सेंटिमीटर रुंद होते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी आळेफाट्यामार्गे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाची सहल काढावी. तेथे त्या पोलादात माणसे कशी बसत, हेही मुलांस दाखवावे. पीटी-७६ मध्ये तिघे बसत. प्रतिकृती करताना त्यांचा विसर पडू नये.