रिठा, राख आणि चिंच

कार वॉश आणि डिटेलिंगच्या धंद्यातले माझे बंधू-भगिनी, आणि आज सेंटर बंद ठेवून आलेले, मागे भिंतीला टेकून उभे असलेले आपले सगळे कारागीर,

अध्यक्ष म्हणून मला या खुर्चीत बसवलंत, त्याबद्दल आभारी आहे. मला बसायची सवय कमी. माझी उमेदीची वर्षं गेली ती उभ्यानं, हातात पाइप धरून. तीस वर्षांपूर्वी एका पेट्रोल पंपामागच्या रॅम्पवर काम सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे दोनच रसायनं होती: कपडे धुण्याची पावडर आणि डिझेल. आज कपाटात पंधरा कॅन असतात आणि त्यांतला सगळ्यात आधी संपतो तो एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर. सकाळच्या सत्रात सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ, म्हणजे रंगावर चढवायची संरक्षक फिल्म, यांवर भरपूर चर्चा झाली. ती महागाची कामं, त्यांत आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष देतो. माझ्या पाहण्यात गाड्यांचं नुकसान झालं ते बहुतेक या पाच लिटरच्या साध्या कॅननं. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतो.

तरुण मुलं मला एकच प्रश्न विचारतात: "दादा, सेफ एपीसी कुठला?" मी कंपनीचं नाव सांगेन म्हणून मोबाइल काढून तयार असतात. मी त्यांना आजीची गोष्ट सांगतो.

आमची आजी रेशमी लुगडं रिठ्याच्या पाण्यात धुवायची, ओशट कढई राखेनं घासायची आणि तांब्याचा बंब चिंचेनं. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा तोडतो. चिंचेत आम्ल असतं, ते तांब्यावरचा काळपट थर उतरवतं. रिठ्याचा फेस मळ सुटा करून पाण्यात धरून ठेवतो, धाग्याला दुखावत नाही. तिन्ही वस्तू घरातल्याच, पण लुगड्याला राख लावायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. सुनांना एक ताकीद मात्र कायम होती: जर्मनच्या पातेल्याला सोडा लावायचा नाही, काळं पडतं. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, हे या सभागृहात सांगायला नको.

ती ताकीद विसरल्याचा दंड मी भरला आहे. एका डॉक्टरांची नवी कोरी जर्मन गाडी होती, काचांभोवती चंदेरी पट्टी. मे महिना, दुपारचे दोन, दारं तापलेली. गाडी आंब्याखाली लावलेली असायची, त्यामुळे पट्टीवर चिकट थेंब वाळले होते. चाकांसाठी भरून ठेवलेली एपीसीची बाटली हाताशी होती, तीच मारली. तेवढ्यात फोन आला, दोन मिनिटं वळलो. परत आलो तर फवारा वाळलेला. पुसल्यावर पट्टीवर दुधाळ ओघळ उमटले. धुतले, पॉलिश केलं, तरी ओघळ जागचे हलेनात. हलणार कसे? वर काही लागलेलंच नव्हतं. पट्टीचा अॅनोडाइझ केलेला थर क्षारानं खाल्ला होता. नव्या पट्ट्या माझ्या खिशातून बसल्या. आजीचं पातेलं काय आणि डॉक्टरांची गाडी काय, धातू तोच होता आणि चूकही तीच.

आता थोडं शास्त्र. आम्ल आणि क्षार मोजायची पीएच ही मोजपट्टी १९०९ साली सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं मांडली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या घरी. बिअरवाल्यांना शंभर वर्षांपूर्वी मोजून काम करावंसं वाटलं, आणि आपण अजून टोपणानं अंदाजपंचे ओततो! सात म्हणजे समतोल, खाली आम्ल, वर क्षार. एक आकडा चढला की क्षारपणा दहा पट होतो. बाजारातले बहुतेक एपीसी ९ ते १३ च्या दरम्यान असतात. म्हणजे 'एपीसी' या एकाच नावाखाली हजारो पटींचा फरक विकला जातो. अॅल्युमिनियमचा नैसर्गिक संरक्षक थर साधारण ४ ते साडेआठपर्यंत टिकाव धरतो. पुढचं तुम्हीच ताडा.

इथे आपल्यातला सगळ्यात मोठा गैरसमज येतो: "पाणी जास्त घातलं की झालं सौम्य." कॉस्टिकसारख्या तीव्र क्षाराचं द्रावण दहा पट पातळ केलं, तर पीएच फक्त एकानं उतरतो. १३ चा १२ होतो. सिलिकेट, कार्बोनेटसारखे क्षार असले तर तेवढाही उतरत नाही. पाण्यानं क्षाराचा साठा कमी होतो, म्हणून परिणाम मंदावतो हे खरं. पण त्याचा स्वभाव बदलत नाही, आणि उन्हात पाणी उडून गेलं की तो पुन्हा दाट होऊन त्याच जागी बसतो. म्हणून आतल्या कामाला मुळातच सौम्य, सात ते नऊच्या आसपासचा क्लीनर घ्या आणि तीव्र माल टायर, व्हील आर्च, इंजिन बेचा रंगवलेला भाग यांच्यापुरता ठेवा. दोन कॅन, दोन रंगांच्या बाटल्या. प्रमाणही मोजून. एकास दहा म्हणजे दहा भाग पाण्यात एक भाग माल, लिटरच्या बाटलीत साधारण ९० मिली. दहा रुपयांचा मापाचा कप हे काम करतो.

मग गाडीच्या आत या. लेदर कमावतानाच आम्लाच्या बाजूला ठेवलेलं असतं, त्याला तीव्र क्षार मानवत नाही. मीटरवरचं, आणि बाहेर हेडलाइटचंही, पारदर्शक प्लास्टिक तीव्र क्षारानं आणि काही सॉल्व्हंटनी धुरकटतं, त्याला बारीक भेगा जातात. टचस्क्रीनला ओलसर कापडापलीकडे काही लागत नाही. रूफ लायनिंग भिजवलं की गोंद सुटून कापड लोंबतं. आणि बटणांवर थेट फवारा मारू नका, आधी कापडावर घ्या.

मालाच्या लेबलावर 'इको', 'ग्रीन', 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असतं. बायोडिग्रेडेबल म्हणजे तो निसर्गात पुढे विघटित होतो, एवढंच. तुमच्या पट्टीवर पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तो काय करेल, याचं उत्तर त्या शब्दात नाही. ते उत्तर एसडीएसमध्ये, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रकात असतं. सोळा भागांचा कागद आहे, पण आपल्याला चार भाग पुरतात: दुसऱ्यात धोका, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-चष्मा, नवव्यात पीएच. विक्रेत्याकडे तो कागद मागा. "साहेब, सगळेच घेतात" असं उत्तर आलं, तर कॅन परत द्या.

आता मागे उभ्या असलेल्या माझ्या कारागिरांसाठी. क्लीनर हाताला लागला की बोटं निसरडी होतात, ठाऊक आहे ना? आपण म्हणतो, साबण आहे, निसरडा असणारच. तीव्र क्षाराच्या बाबतीत त्यातला काही साबण तुमच्या कातडीच्या तेलाचा बनत असतो. संध्याकाळी बोटांना भेगा पडतात त्या तिथूनच. काही क्लीनरमध्ये ब्युटाइल ग्लायकॉल असतं, ते कातडीतून आत शिरतं. डोळ्यात क्षार गेला तर तो आम्लापेक्षा खोलवर जातो, तेव्हा फुंकर मारत बसू नका. नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. मालकांनो, नायट्राइलचे हातमोजे हा खर्च ग्राहकाच्या बिलात बसतो. पोराच्या हाताचा खर्च कुठल्याच बिलात बसत नाही.

थोडक्यात, 'सेफ' हा कॅनचा गुण म्हणून विकला जातो, पण तो वापरणाऱ्याच्या हातात असतो. सावलीत, गार पॅनलवर, आधी कोपऱ्यात थेंब लावून, वाळू न देता, ओल्या मायक्रोफायबरनं पुसून काम केलं, तर साधा मालही गुणी ठरतो. आजीला पीएच ठाऊक नव्हता, पण कुठल्या वस्तूला काय चालतं हे पाठ होतं. आपल्याला दोन्ही ठाऊक असायला हवं, कारण आपण दुसऱ्याच्या कमाईच्या वस्तूला हात लावतो.

अध्यक्षाला एक मागणी करायची मुभा असते, ती करतो. दाराशी टेबलावर पीएच पेपरची पाकिटं ठेवली आहेत, जाताना एक घेऊन जा. उद्या सकाळी पहिली गाडी रॅम्पवर घेण्याआधी कपाटातल्या प्रत्येक कॅनमध्ये एक पट्टी बुडवा आणि जो आकडा येईल तो जाड मार्करनं कॅनवर लिहा. बिननावाची बाटली दिसली तर ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, ती बाजूला काढा. एवढं केलंत तर हे संमेलन सार्थकी लागलं असं मी मानेन.