धुराआडचें भय

अठरा वर्षांखालील मुलगा गांजा ओढतांना पकडला गेला, म्हणजे सर्वांचें लक्ष गांजाकडे जातें. तो कां ओढला, हें विचारावयाचें राहून जातें. आपला कल समलिंगी आहे किंवा आपण तृतीयपंथी आहों, हें घरांत सांगण्याची ज्याला चोरी, तो कधीं कधीं धुराचा आसरा शोधतो. तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मान्य केली. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ सालीं गुन्ह्यांतून वगळले. घरांतील धाक मात्र पुष्कळ ठिकाणीं तसाच आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें मंडळ अशा मुलास समुपदेशनास व व्यसनमुक्तीच्या उपचारांस पाठवूं शकतें. मुलास मादक द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मंडळाचे उपचार संपल्यावर मुलगा घरींच परततो. तेथें आईबापांनीं आधीं त्याचें भय ऐकून घ्यावें; गांजाची चौकशी मागाहून करतां येईल.