हरकती आणि सूचना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी 'तुझ्या कामाबद्दल थोडं बोल' असं सांगितलं, तेव्हा जरा धाकधूकच वाटली. डॉक्टर, वकील, सीए झालेल्यांचं काम एका शब्दात सांगता येतं. माझं तसं नाही. शहराच्या वाहतूक प्रशासनात मी नागरिक-संवादाचं काम बघते. रस्ता, बसथांबा, पदपथ यांत काही बदल करायचा असला की लोकांना जाऊन भेटायचं, काय होणार आहे ते सांगायचं आणि लोक काय म्हणतात ते अभियंत्यांपर्यंत पोचवायचं, असं हे काम. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मला रोज कुणीतरी 'बस कधी येणार' असं विचारतं. ते मात्र माझ्या खात्यात येत नाही, हे आज सर्वांसमक्ष जाहीर करते.

आपण शाळेत होतो तेव्हा पुण्याची पीएमटी होती आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी होती. 2007 मध्ये दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली. डिसेंबर 2016 मध्ये मेट्रोचं भूमिपूजन झालं, मार्च 2022 मध्ये ती वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी अशी धावू लागली आणि सप्टेंबर 2024 मध्ये मंडईखालून स्वारगेटला पोचली. मधल्या काळात रस्ते किती वेळा खणले गेले, ते मी तुम्हाला सांगायला नको. अशा प्रत्येक खोदकामाआधी एक नकाशा तयार होतो. तो टेबलावर आला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारते: हा लोकांना दाखवलाय का, आणि कधी दाखवलाय?

यातला 'कधी' फार महत्त्वाचा आहे. नकाशा पेन्सिलीत असतो तेव्हा एक रेघ खोडायला मिनिट लागतं. निविदा निघाली की त्याच रेघेला महिने लागतात. खांब उभा राहिला की मग फक्त भांडण उरतं.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा प्रायोगिक मार्ग सुरू झाला. बससाठी वेगळी मार्गिका हा विचार चांगलाच होता. पण थांबे रस्त्याच्या मध्यभागी आले, आणि तिथपर्यंत म्हाताऱ्या माणसानं रस्ता ओलांडून जायचं कसं, हा प्रश्न लोकांना मार्ग सुरू झाल्यावर पडला. अपघात झाले, टीका झाली आणि 'बीआरटी' हा शब्दच बदनाम झाला. 2015 मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग सुरू झाला, त्याआधी चालकांना प्रशिक्षण दिलं गेलं, चाचणी फेऱ्या झाल्या, लोकांपर्यंत माहिती पोचवली गेली. फरक दिसला. तरीही मला वाटतं, तेव्हा आपण 'सांगायला' शिकलो होतो. 'विचारायला' शिकणं बाकी होतं. सांगणं म्हणजे ठरलेलं पोचवणं. विचारताना आपलं ठरलेलं बदलायची तयारी ठेवावी लागते.

दुसरं उदाहरण लकडी पुलाचं. 2021 मध्ये त्यावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलाच्या उंचीवर गणेश मंडळांनी आक्षेप घेतला. विसर्जन मिरवणुकीतले रथ त्याखालून जाणार कसे, असा त्यांचा सवाल होता. काही काळ काम थांबलं, बैठका झाल्या, मग काम पुढे गेलं आणि आज मेट्रो तिथून धावते. बरोबर कोण आणि चूक कोण, यात मला आज शिरायचं नाही. मिरवणूक कुठून जाते हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. हा प्रश्न नकाशा कागदावर असतानाच चव्हाट्यावर आला असता, तर सगळ्यांचाच त्रास वाचला असता, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, पुणेकरांना विचारलं तर काम कधीच होणार नाही. या म्हणण्याला आकडाही आहे! 2013 मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. लोक यावर हसतात. मला मात्र या आकड्याचा अभिमान वाटतो. इतक्या लोकांनी कागद-पेन घेऊन आपल्या रस्त्याबद्दल, आपल्या मैदानाबद्दल लिहिलं, हे काही थोडं नाही.

माझी अडचण वेगळी आहे. लिहिणारे कोण असतात?

आपल्या गणिताच्या बाईंची पद्धत तुम्हाला आठवत असेल. पुढच्या बाकावरचे हात वर करून थकायचे, पण बाई शेवटच्या बाकापासून विचारायला सुरुवात करायच्या. 'ज्याला येतं त्याला विचारून मला काय कळणार?' असं म्हणायच्या. बाई आज समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, माझ्या नोकरीत मी हीच पद्धत वापरते.

बसमार्गाबद्दलची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवली, तर तिथे बसनं जाणारा माणूस येऊच शकत नाही. तो कामावर असतो. येतात ते निवृत्त गृहस्थ आणि दुकानदार. त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, पण ते सगळ्यांचं नसतं. म्हणून आम्ही बैठकीच्या आधी दोन-तीन दिवस सकाळी साडेसहाला थांब्यावर जाऊन उभे राहतो.

एका उपनगरात असाच एक थांबा चौकापासून पुढे सरकवायचा होता. चौकातली कोंडी कमी व्हावी म्हणून. नकाशा पाहिला तर हरकत घेण्यासारखं काही नव्हतं, बैठकीतही कुणी घेतली नाही. थांब्यावर मात्र घरकामाला येणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "ताई, तिथं दिवा आहे का? थंडीत आम्ही उतरतो तेव्हा अंधार असतो, आणि पलीकडच्या भिंतीला कायम कुत्री बसलेली असतात." दिवा नव्हता. कुत्री तर कुठल्याच नकाशात नसतात. शेवटी थांबा ठरल्यापेक्षा अलीकडे घेतला आणि त्याच्या डोक्यावर दिवा लागल्यावरच जुना थांबा हलवला. कोंडी कमी व्हायची ती झालीच.

याच कामात पदपथाच्या जागी गाड्या लावायला जागा द्या, अशी दुकानदारांची मागणी होती. ती आम्ही मान्य केली नाही. पुणे महापालिकेचं 2016 पासून पादचारी धोरण आहे आणि त्यात चालणाऱ्याचा मान पहिला आहे. पण 'नाही' हे पत्रानं कळवायचं नाही, अशी माझी शिस्त आहे. आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो, कारण सांगितलं, आणि माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ देता येईल का ते त्यांच्याशीच बोलून ठरवलं. सगळे खूश झाले असं नाही. एक काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण 'आमचं ऐकलंच नाही' असं तेही म्हणत नाहीत. लोकांना नकार पचतो. विचारून घेतल्यावर पुढे काहीच न कळवणं पचत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेचजण आता निवृत्तीच्या जवळ आले आहेत. वेळ मिळणार आहे, आणि तोंड तर आपल्याला पहिल्यापासूनच आहे. स्वारगेट-कात्रज मेट्रोची पायाभरणी झालीये. येत्या काही वर्षांत तुमच्या रस्त्याचाही नकाशा कुणाच्या तरी टेबलावर येईल. तेव्हा वर्तमानपत्रातली हरकती-सूचनांची जाहीर सूचना वाचा आणि मुदत संपायच्या आत लिहा. महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवते, तीही सुचवा. बैठकीला जरूर या.

पण येताना एक करा. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे रखवालदार, गाडी चालवणारे दादा रोज कसे येतात, कुठे उतरतात, कुठे रस्ता ओलांडतात, हे त्यांना विचारून या. जमलं तर त्यांना बरोबर आणा आणि तेवढ्या वेळाचा त्यांचा पगार कापू नका. बैठकीत तुमच्या पार्किंगबद्दल बोलण्याआधी त्यांना बोलू द्या. मग तुमचंही मी ऐकेन, अगदी सविस्तर.

बाईंनी आणि सरांनी शेवटच्या बाकाकडे बघायची सवय लावली, त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार.