शल्यविशारदाची साक्ष
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शल्यविशारद म्हटला की तो आरोग्याच्या चार गोष्टी सांगेल, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी आमच्या न्यायालयातील कर्तव्याविषयी बोलणार आहे. एकाने केलेल्या शस्त्रक्रियेविषयी दुसऱ्याने न्यायासनासमोर मत द्यावे, हे आमच्या व्यवसायात कोणालाच रुचत नाही. ‘आज त्याच्यावर, उद्या आपल्यावर’ या भयाने पुष्कळजण साक्षीचे निमंत्रण टाळतात. हे टाळणे कोणाच्या हिताचे आहे?

प्रत्येक दाव्यात तज्ज्ञ लागतोच असे नाही. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहून गेला. दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला, पण ती माउली वाचली नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले. पोटात राहिलेला टॉवेल स्वतःच बोलतो. त्याला दुभाष्या लागत नाही.

बहुतेक प्रकरणे मात्र इतकी बोलकी नसतात. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारांत सुमारे ३ ते ५ मानले जाते, आणि ती कुशल हातांकडूनही होते. केवळ इजा झाली म्हणून हयगय सिद्ध होत नाही. परंतु कापण्यापूर्वी नलिका आणि रक्तवाहिनी नीट मोकळ्या करून ओळखल्या होत्या काय? रचना स्पष्ट दिसत नसता पोट उघडण्याचा, अथवा अनुभवी सहकाऱ्यास बोलावण्याचा विचार झाला काय? पुढे रुग्णाचे पोट फुगले, डोळे पिवळे झाले, तेव्हा तातडीने तपासण्या झाल्या, की ‘वायू धरला असेल’ म्हणून दिवस दवडले? याची उत्तरे शस्त्रक्रियेच्या टिपणात, परिचारिकांच्या नोंदींत आणि त्यांपुढे लिहिलेल्या वेळांत दडलेली असतात. न्यायाधीश कितीही विद्वान असले तरी ती लिपी त्यांना वाचून दाखविणारा आमच्यातलाच असावा लागतो.

त्या वाचनालाही शिस्त आहे. ‘मी असतो तर काय केले असते’ हा तज्ज्ञापुढचा प्रश्नच नव्हे. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्याने घालून दिलेली कसोटी अशी, की त्या विषयातील जबाबदार वैद्यांच्या एखाद्या वर्गाला मान्य असलेली रीत त्या वैद्याने पाळली होती काय. १९९७ च्या बोलिथो खटल्याने तीत भर घातली, की ती मान्यता तर्कालाही पटणारी हवी. शेवट ठाऊक असलेल्याला वाट नेहमीच सोपी दिसते. म्हणून तज्ज्ञाने शस्त्रक्रियेच्या त्या क्षणी शल्यविशारदाला जे दिसत होते, तेवढ्यावरूनच तोलावे. शिवाय नुसते मत पुरत नाही. तज्ज्ञाच्या मताने न्यायालय बांधलेले नसते. त्याने कारणे आणि आधार पुढे ठेवावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका वैद्यकीय दाव्यात बजावले आहे. फी कोणीही देवो, निष्ठा न्यायासनाशीच असली पाहिजे.

आता मूळ मुद्दा. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बोलमची कसोटी स्वीकारली आणि ठरविले, की दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वसनीय मत जोडल्याशिवाय वैद्याविरुद्धची खाजगी फौजदारी तक्रार दाखल करून घेऊ नये. पोलीस तपासातही आधी निःपक्षपाती वैद्यकीय मत घ्यावे. हा नियम योग्यच आहे. त्यावाचून अवघड शस्त्रक्रियेला हात घालण्यास कोणी धजणार नाही. परंतु त्याने न्यायमंदिराच्या एका दाराची किल्ली आमच्या हाती दिली आहे. ती आम्ही खिशात घालून गप्प बसलो, तर खरोखर नाडलेला रुग्ण बाहेरच राहील. आणि नाहक गोवलेला सहकारी? त्यालाही वाचवू शकतो तो कारणांसह बोलणारा तज्ज्ञच, गप्प बसलेला स्नेही नव्हे. व्यवसायबंधूची पाठराखण म्हणून जे मौन आपण पाळतो, ते निर्दोषाच्याही कामी येत नाही.

श्रोतेहो, आपल्यासाठीही एक सूचना. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यावर रुग्णाला त्याचे कागदपत्र ७२ तासांत मिळाले पाहिजेत. संशय आल्यास प्रथम ते मागा आणि दुसऱ्या जाणत्या वैद्याला दाखवा. राग हा पुरावा नव्हे; नोंद हा पुरावा.

आणि या सभागृहातील माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की असे कागद घेऊन कोणी दाराशी आला तर त्याला परत पाठवू नका. ते वाचा आणि जे खरे दिसेल ते लिहून द्या, मग ते त्याला रुचो वा न रुचो. ‘यात कोणाचा दोष नाही’ हे सत्यही त्या शोकाकुल कुटुंबाला आपल्याखेरीज कोण सांगणार?