कुंपण न पडलेले गाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन नावाच्या, जेमतेम काही शे वस्तीच्या खेड्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर असे की, जमिनीची मालकी कोणाची आणि जमिनीचा कारभार कोणाच्या हाती, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. आपण पहिल्यावर पुष्कळ बोलतो, दुसऱ्यावर फार थोडे. लॅक्स्टनचा इतिहास हा या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रथम गावाचे रूप पाहू. इंग्लंडच्या बहुतेक भागांत शेतकऱ्याचे घर त्याच्या शेतात, एकटे उभे असते. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरे आणि गोठे गावातील रस्त्याच्या कडेला एकमेकांशेजारी आहेत आणि शेती गावाबाहेर. सेंट मायकेलचे जुने चर्च, नॉर्मन काळातील किल्ल्याचा मातीचा उंचवटा, जनावरांचा कोंडवाडा आणि ‘डव्हकोट’ नावाची खानावळ-वजा मद्यगृह, ही गावाची ओळखीची ठिकाणे. कोंडवाडा म्हणजे काय हे आपल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर तेथेही असेच कोंडले जाई आणि दंड भरल्यावरच सुटे. १९९५ साली ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मृतीसाठी उभारलेले एक केंद्रही याच गावात आहे.

परंतु गावाचे खरे वैशिष्ट्य शिवारात आहे. साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेते. आत कुंपण नाही की भिंत नाही. प्रत्येक शेतात निरनिराळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे शेजारी-शेजारी. दर वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे पीक आणि तिसरे पड, असा तीन वर्षांचा फेरा. पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असल्यामुळे चांगली जमीन एकाच्या आणि खडकाळ जमीन दुसऱ्याच्या वाट्याला, असे होत नसे. पीक निघाल्यावर आणि पडीच्या वर्षी सर्वांची जनावरे तेथे एकत्र चरत. अशा व्यवस्थेत कोणी एकट्याच्या लहरीने पेरू शकत नाही. एकाचे पीक उभे राहिले तर सगळ्यांची चराई थांबते. म्हणून काय पेरावे, जनावरे केव्हा सोडावीत, हे गावाने मिळून ठरवणे ही भाबडी सदिच्छा नव्हती, ती शेतीचीच गरज होती.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातील असंख्य खेडी अशीच होती. मग ती गेली कोठे? ती पार्लमेंटने कायदे करून मोडली. १६०४ ते १९१४ या काळात कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीच्या पंचमांशाहून अधिक, त्यांखाली आली. अर्ज करताना संमती मोजली जाई ती माणसांच्या संख्येने नव्हे, तर जमिनीच्या किमतीने. ज्याच्याजवळ एक गाय आणि गायरानावर चराईचा वहिवाटीचा हक्क एवढेच होते, त्याच्या नकाराला वजन नव्हते. ज्याला तुकडा मिळाला त्यालाही कुंपणाचा आणि कायद्याच्या कामाचा खर्च न पेलल्यामुळे तो विकावा लागे. हा माणूस पुढे शेतमजूर तरी झाला किंवा गिरणीच्या दारात उभा राहिला. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात आणि हॅमंड दांपत्याने १९११ च्या आपल्या ‘द व्हिलेज लेबरर’ या ग्रंथात या लुटीची हकीकत मांडली आहे.

लॅक्स्टन या वरवंट्यातून का सुटले? त्याला गावकऱ्यांचा पराक्रम कारण झाला, असे सांगण्याचा मोह मी टाळतो. गावात दोन मोठे जमीनदार होते, त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते आणि त्यामुळे काम रखडत गेले, हे त्याचे एक मुख्य कारण. इतिहासात कधीकधी वरच्यांच्या भांडणामुळे खालच्यांना श्वास मिळतो. मात्र मिळालेल्या अवधीत कारभार जिवंत ठेवणे हे गावकऱ्यांचेच काम होते, आणि ते त्यांनी केले.

तो कारभार असा चालतो. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांमधून निवडलेले पंच हिवाळी गव्हाच्या शेतात पायी फिरतात. पट्ट्यांच्या हद्दी पाहून खुंट ठोकतात. कोणी नांगर पुढे रेटून सामाईक गवताची पट्टी किंवा वाट खाल्ली असेल, आपल्या भाषेत बांध कोरला असेल, तर त्याची नोंद होते. पुढच्या आठवड्यात ‘कोर्ट लीट’ नावाचे गावन्यायालय भरते. तेथे दंड होतो आणि पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण सर्व शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे किरकोळ नसते. आज बांध कोरणारा उद्या पंच म्हणून इतरांचे बांध तपासतो, म्हणून कठोरपणाला आपोआप मर्यादा पडते आणि ढिलाईलाही. १९७७ साली कायद्याने अशा जुन्या न्यायालयांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनच्या न्यायालयाचा शेतांवरील अधिकार शाबूत ठेवण्यात आला.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला की, सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडणार आणि अखेर कुरण उजाड होणार. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना या सिद्धान्ताने फार मोठे हत्यार दिले. पण हार्डिनचे कुरण कोणाचेच नव्हते. तेथे ना पंच, ना खुंट, ना कोंडवाडा. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंड, जपान, स्पेन, फिलिपाइन्स येथील उदाहरणांनी दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेख केली आणि बेताचे दंड ठेवले, तर सामाईक साधने शतकानुशतके टिकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटले नसते.

तथापि लॅक्स्टनला समाजवादी गाव म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. या व्यवस्थेचा जन्म सरंजामशाहीत झाला. न्यायालय जमीनदाराच्या नावाने भरते, त्याचा कारभारी अध्यक्षस्थानी बसतो आणि शेतकरी हे खंड भरणारे कूळच आहे. एकेकाळी पसरलेल्या शिवारापैकी आज सुमारे ५०० एकरच खुले उरले आहे.

आणि येथेच मालकीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. १९५२ साली अर्ल मॅन्व्हर्सने ही इस्टेट सरकारच्या कृषिखात्याला विकली. ही शेती राष्ट्राचा ठेवा म्हणून टिकावी, हा हेतू होता. १९८१ साली, थॅचर सरकारच्या काळात, खात्याने ती राजसंपदेच्या, म्हणजे क्राउन इस्टेटच्या, स्वाधीन केली. २०२० साली क्राउन इस्टेटनेही ती विकली. घेणारी थोर्सबी सेटलमेंट ही संस्था त्याच मॅन्व्हर्स घराण्याशी निगडित आहे. अडुसष्ट वर्षांत जमीन एका घराण्याकडून सरकारकडे आणि फिरून त्याच घराण्याच्या वारसांकडे आली. या प्रत्येक फेरफारात गावाला पुढच्या मालकाच्या शब्दावर विसंबावे लागले. पंचांना एक वीत बांधाचा निवाडा करता येतो. संपूर्ण शिवाराच्या विक्रीबाबत मात्र त्यांना मत नाही.

मित्रहो, यातून दोन गोष्टी आपण घेऊन जाव्यात. नुसत्या सरकारी मालकीने जमीन लोकांची होत नाही. एक सरकार घेते, दुसरे देऊन टाकते. आणि नुसत्या स्थानिक कारभारानेही भागत नाही. मालकाने मन बदलले की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. जेथे जमिनीवर लोकांचा हक्क आणि लोकांचा रोजचा कारभार दोन्ही एकत्र येतील, तेथेच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होईल. गायरान वाचवण्यासाठी मोर्चा काढणे आवश्यकच आहे. पण मोर्चा परतल्यावर त्या गायरानावर वर्षातून एक दिवस सर्वांनी मिळून पायी फिरणे, हद्दीचे खुंट तपासणे आणि आपल्याच माणसाने बांध कोरला असेल तर त्याचे नाव सभेत वाचणे, हे काम मोर्चाहून अवघड आहे. ते करण्याची आपली तयारी आहे काय, एवढाच प्रश्न विचारून मी थांबतो.