शिंगराचे दूध तोडताना

घोडी व्याल्यानंतर पहिले दोन-तीन महिने तिचे दूध भरात असते आणि पुढे त्याचे प्रमाण व कस दोन्ही उतरत जातात. म्हणून शिंगराचे, म्हणजे घोडीच्या पिलाचे, दूध बहुधा 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान तोडले जाते, मात्र तोवर ते चारा व भरड खुराक स्वतः खाऊ लागलेले असावे. ताटातूट झाल्यावर दोघेही खिंकाळत राहतात, शिंगरू कुंपणालगत येरझाऱ्या घालते आणि घोडीची कास तटतटते. अशा वेळी दया येऊन कास पिळली, तर दूध आटण्याऐवजी पुन्हा उतरते, त्यामुळे तिचा खुराक कमी करून कास तशीच राहू देणे श्रेयस्कर.

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी कोवळे शिंगरू घेणाऱ्याने त्याचे दूध कधी तुटले, हे रंग आणि भोवरे (अंगावरील केसांची वर्तुळे, ज्यांवर शुभाशुभ ठरवण्याची हौस अजून ओसरलेली नाही) पाहण्याआधी विचारावे. नव्या तबेल्यात सोबतीला एखादे शांत जनावर बांधावे आणि आठवडाभर जुना चारा नव्यात मिसळत राहावा, कारण खुराक एकाएकी बदलल्यास घोड्याला पोटशूळ होऊ शकतो.